ब्रिटनचे किल्ले बाहेरून पाहून परतू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यातल्या परदेश सहलींच्या जाहिराती हल्ली दिवाळीपासूनच झळकू लागतात. त्यांत ब्रिटनचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो: लंडन, विंडसर, स्टोनहेंज, मँचेस्टरचे फुटबॉल मैदान आणि शेवटी एडिंबरा. ‘किल्ला’ हा शब्द त्यात दोन-तीनदा येतो, पण बारीक अक्षरांत पुढे ‘बाहेरून दर्शन’ असेही छापलेले असते. ज्यांनी राजगडाच्या तिन्ही माच्या पायांखाली घातल्या, ज्यांना जंगी कशाला म्हणतात आणि चऱ्या कशाला हे शिकवावे लागत नाही, अशा माणसांना तेराव्या शतकातल्या किल्ल्यासमोर पंधरा मिनिटे उतरवून पुन्हा बसमध्ये कोंबायचे, हे फार वाईट आहे. मुलामुलींकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांची अडचण वेगळी. त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो, पण कुठे जावे, काय उघडे असते, तिकीट कोणाचे काढावे याची माहिती नसते. दोघांनाही उपयोगी पडेल म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सगळा देश पालथा घालू नये. एक प्रदेश निवडावा, मुक्काम शक्यतो एकाच गावात ठेवावा आणि दिवसाला एकच मोठे स्थळ पाहावे. किल्ल्यांसाठी उत्तर वेल्स आणि मठ-चर्चसाठी यॉर्कशायर व डरहॅम, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले १०६६ मध्ये आणि इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले १५३६ ते १५४१ या काळात. या पाचशे वर्षांत जे बांधले गेले ते या दोन भागांत जितके जवळजवळ आणि जितके उत्तम स्थितीत आहे, तितके एकत्र दुसरीकडे सापडणे कठीण. निवड करताना नावावर मात्र जाऊ नये. कॅसल हॉवर्ड हा किल्ला नाही, १६९९ पासून बांधत गेलेला सरदारी वाडा आहे. बँगरजवळचा पेनरिन कॅसल तर एकोणिसाव्या शतकातला. जमैकातल्या गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर आणि वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणी यांच्या पैशातून नॉर्मन थाटात उभारलेला. तो जरूर पाहावा, पण मध्ययुगीन म्हणून नव्हे.

उत्तर वेल्समधले कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेक आणि बोमॅरिस हे चार किल्ले १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. वेल्सचा राजपुत्र लिवेलिन ऍप ग्रिफिथ डिसेंबर १२८२ मध्ये मारला गेला आणि इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने जिंकलेला मुलूख दाबात ठेवण्यासाठी किनाऱ्याने हे किल्ले उभे केले. बांधकामाचा प्रमुख होता आल्प्समधल्या सॅव्हॉय प्रांतातून आलेला मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. चारही किल्ले समुद्राशी किंवा भरतीच्या पाण्याशी जोडलेले आहेत, आणि ते का, याचे उत्तर १२९४ च्या वेल्श बंडात मिळते. बंडाचा पुढारी मॅडॉग ऍप लिवेलिनच्या माणसांनी तेव्हा कार्नार्व्हन घेतले, तिथली गावकुसाची भिंत फोडली. कॉनवीत खुद्द राजा अडकून पडला. जमिनीवरच्या वाटा बंद असताना हार्लेक आणि कॉनवी तगले ते गलबतांतून आलेल्या रसदीवर. म्हणून या प्रत्येक किल्ल्यात मुख्य दरवाजा पाहून झाल्यावर पाण्याकडचा दरवाजा शोधावा. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग पाहिलेल्याला त्याचे महत्त्व लगेच कळेल.

सुरुवात कॉनवीपासून करावी. १२८३ ते १२८७ एवढ्या चार वर्षांत आठ बुरुजांचा किल्ला आणि गावाचा तट दोन्ही उभे राहिले. किल्ला अरुंद खडकावर असल्याने त्याला दुहेरी तट नाही. मधल्या आडव्या भिंतीने बाहेरचा आणि आतला असे दोन चौक केले आहेत. आतल्या चौकात राजाचे महाल, बाहेरच्या चौकात शिबंदी, मोठे दालन आणि खडकात सुमारे २८ मीटर खोल नेलेली विहीर. आतल्या चौकाच्या चार बुरुजांवर टेहळणीचे छोटे मनोरे जास्तीचे आहेत, त्यावरून राजाचा भाग लांबूनही ओळखू येतो. बुरुजांच्या बाहेरच्या अंगावर नीट पाहा. लहान चौकोनी भोकांच्या ओळी तिरक्या वर चढत बुरुजाला वळसा घालताना दिसतील. ही परांचीच्या बल्ल्या खोचण्याची भोके. इंग्लंडात परांची साधारणतः आडव्या टप्प्यांत बांधत; इथे ती बुरुजाभोवती चढत्या उतारासारखी नेली, म्हणजे दगड शिडीने न चढवता वर ओढत नेता आले. ही सॅव्हॉयकडची रीत. हीच खूण हार्लेकला दिसते. भिंतींवर काही ठिकाणी चुन्याचे अवशेष आहेत, कारण आज काळसर दिसणारा हा किल्ला मुळात पांढरा रंगवलेला होता.

किल्ला झाला की बहुतेक लोक निघून जातात. गावाच्या तटावर मात्र चढत नाहीत, आणि तिथेच मोठा ठेवा चुकतो. सुमारे १.३ किलोमीटरचा हा तट २१ बुरूज आणि ३ मूळ दरवाजांसह जवळजवळ अखंड आहे. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, बराचसा चालता येतो आणि त्याला तिकीट नाही. दक्षिणेच्या बाजूला, मिल गेटजवळ, तटाबाहेर दगडी टोड्यांवर काढलेले बारा शौचकूप एका ओळीत आहेत. राजाचे कारकून-कारभारी तिथल्या कचेरीत काम करत, त्यांच्यासाठी केलेली ही सोय. किल्ला दीड-दोन तास, तट एक तास, एवढा वेळ धरावा.

कार्नार्व्हन कॉनवीइतकाच जुना, पण त्याचा थाट निराळा. बुरूज गोल नाहीत, बहुकोनी आहेत. भिंतींत रंगीत दगडाचे पट्टे काढले आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण व्हावी असा हेतू मानला जातो. इथे उत्तरेकडच्या तटातल्या जंग्या, म्हणजे बाण मारायच्या फटी, सर्वांत आधी बघाव्यात. बाहेरून एकच उभी फट दिसते. आत गेल्यावर कळते की एकाच फटीमागे वेगवेगळ्या कोनांत एकापेक्षा अधिक तिरंदाजांना उभे राहायची जागा केली आहे. शत्रूला एकच भोक दिसते आणि बाण मात्र तीन दिशांना सुटतात. राजदरवाजात पाच दारे आणि वरून खाली सोडायच्या सहा जाळ्या योजल्या होत्या. काम पुरे झाले नाही, तरी जाळ्या सरकण्याच्या खाचा आणि छतातली वरून मारा करायची भोके मोजता येतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी हाच किल्ला सर्वांत सोयीचा, कारण २०२३ पासून राजदरवाजाच्या वरच्या गच्चीपर्यंत लिफ्ट आहे.

हार्लेकला आगगाडीने जावे. स्टेशन किल्ल्याच्या कड्याच्या पायथ्याशी आहे. आज जिथे रूळ आणि गवताळ सपाटी आहे तिथवर पूर्वी पाणी येत असे, आणि त्या पाण्यापासून किल्ल्यापर्यंत कड्यातून १०८ पायऱ्यांची तटबंद वाट आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ओवेन ग्लिंडूर या वेल्श पुढाऱ्याने १४०४ मध्ये हार्लेक जिंकून तिथे आपले ठाणे केले. इंग्रजांना तो परत घ्यायला १४०९ उजाडले. पुढे इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धात’ १४६१ ते १४६८ असा सात वर्षांचा वेढा याच किल्ल्याने सोसला. स्टेशनपासून गावात चढणारा रस्ता छाती भरून यावी इतका उभा आहे, वयस्कर माणसांनी टॅक्सी सांगून ठेवावी. वर गेल्यावर मात्र पर्यटक केंद्रापासून थेट दरवाजापर्यंत २०१५ मध्ये बांधलेला पूल आहे, त्यामुळे आतल्या चौकापर्यंत जाणे सोपे झाले आहे.

बोमॅरिस हा चौघांत धाकटा, १२९५ मध्ये सुरू झालेला आणि कधीच पुरा न झालेला. सपाट दलदलीची जागा मिळाल्यामुळे मास्टर जेम्सला आराखडा मनासारखा मांडता आला: पाण्याने भरलेला खंदक, त्याच्या आत बुटका बाहेरचा तट, त्याच्या आत उंच आतला तट. बाहेरचे आणि आतले दरवाजे समोरासमोर नाहीत. बाहेरचा ओलांडल्यावर वळसा घेऊन, दोन्ही तटांच्या मधल्या पट्ट्यातून आडवे जावे लागते, आणि तेवढा वेळ वरून मारा सुरू. रायगडाच्या महादरवाजाशी जी अक्कल लढवली आहे तिचीच ही वेगळ्या देशातली मांडणी. आतल्या तटाच्या पोटातून बोळ काढलेले आहेत. ते चालून पाहावेत. मास्टर जेम्सने फेब्रुवारी १२९६ मध्ये राजाच्या खजिन्याकडे लिहिलेले पत्र टिकून आहे. त्यात ४०० गवंडी-पाथरवट, २,००० मजूर, खाणीत २०० माणसे, ३० लोहार, १०० गाडे, ६० मोठ्या गाड्या आणि दगड-कोळसा आणणाऱ्या ३० होड्या यांचा हिशेब देऊन पैसे मागितले आहेत. पैसे आले नाहीत, कारण राजाचे लक्ष स्कॉटलंडच्या युद्धाकडे वळले होते. आतल्या तटाचे बुरूज आज अर्ध्या उंचीवर थांबलेले दिसतात ते यामुळे, पडझडीमुळे नव्हे. या बांधकामासाठी लानव्हाइस हे शेजारचे वेल्श गाव उठवून माणसे न्यूबरोला हलवली गेली, हेही तिथे उभे राहिल्यावर विसरू नये.

म्हणूनच जिंकणाऱ्यांचे चार किल्ले पाहणाऱ्याने हरलेल्यांचा निदान एक पाहावाच. लानबेरिसजवळ तळ्याच्या काठी डॉलबाडर्नचा गोल मनोरा आहे, तेराव्या शतकाच्या आरंभी थोरल्या लिवेलिनने, म्हणजे वर आलेल्या लिवेलिनच्या आजाने, बांधलेला. तिकीट नाही, दुकान नाही, शौचालयही नाही. पण खिंडीवर नजर ठेवणारी जागा कशी निवडायची ते सह्याद्रीतल्या माणसाला इथे एका दृष्टिक्षेपात कळते.

या फेरीसाठी मुक्काम कॉनवी किंवा कार्नार्व्हनला, चार रात्री. लंडनच्या युस्टन स्टेशनहून लानडडनो जंक्शन सुमारे तीन-साडेतीन तास, बहुतेक वेळा क्रू किंवा चेस्टरला गाडी बदलून. जंक्शनहून कॉनवी नदीपलीकडेच आहे. या मार्गावरच्या लहान स्टेशनांवर काही गाड्या मागितल्याशिवाय थांबत नाहीत: उतरायचे असेल तर गाडीतल्या गार्डला आधी सांगावे, चढायचे असेल तर फलाटावर उभे राहून हात दाखवावा. कार्नार्व्हन आणि बोमॅरिस दोन्हींना रेल्वे नाही. बँगरहून बस आहे, साधारण अर्धा तास. कार्नार्व्हनहून हार्लेकला जायचे तर पोर्थमॅडॉगपर्यंत बस आणि पुढे आगगाडी. त्या गाड्यांमध्ये दोन-दोन तासांचे अंतर असते, त्यामुळे परतीची वेळ आधी बघायची आणि मग किल्ल्याचा वेळ ठरवायचा. रविवारी बस फार कमी, तो दिवस कॉनवीच्या तटासाठी ठेवावा. स्वतः गाडी चालवणाऱ्यांना भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत चालवता येते आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी.

जिन्यांविषयी सावध करायला हवे. बुरुजातले गोल जिने अरुंद, पायऱ्या मध्याकडे निमुळत्या आणि शतकानुशतके झिजून खोलगट झालेल्या. उतरताना रुंद बाजूला पाऊल आडवे ठेवावे, दोरीचा कठडा सोडू नये, वर येणाऱ्याला आधी येऊ द्यावे. पाठीवरची मोठी सॅक खाली ठेवून जावे. पावसाने ओल्या झालेल्या दगडावर गुळगुळीत तळाचे चालण्याचे बूट घसरतात. खाचदार तळच हवा. वारा जोराचा असला की फांज्या आणि बुरूज बंद करतात, त्या दिवशी हुज्जत घालू नये. हे जिने घड्याळाच्या दिशेने चढतात ते उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या रक्षकाच्या सोयीसाठी, असे जवळपास प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. उलट फिरणारे जिनेही पुष्कळ आहेत आणि अभ्यासक हे स्पष्टीकरण आता फारसे मानत नाहीत.

तिकिटांत लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण ‘ब्रिटनचा पास’ असा एकच पास नाही. वेल्समधली सरकारी स्थळे काडू या संस्थेकडे, इंग्लंडमधली चारशेहून अधिक इंग्लिश हेरिटेजकडे, स्कॉटलंडमधली हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंडकडे. नॅशनल ट्रस्ट ही आणखी वेगळी संस्था, टॉवर ऑफ लंडन पाहणारी संस्था तिसरीच, आणि कॅथीड्रल, म्हणजे बिशपची मोठी चर्चे, तर आपापली स्वतंत्र. इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठीचा पास घेऊन कॉनवीच्या दारात उभे राहिले तर तो चालत नाही. वेल्सच्या फेरीला काडूचा ठरावीक दिवसांचा एक्सप्लोरर पास घ्यावा; तीन-चार किल्ले पाहणाऱ्याला तो सुट्या तिकिटांपेक्षा सहसा स्वस्त पडतो. नातवंडांकडे दोन-तीन महिने राहणाऱ्या आजी-आजोबांनी मात्र पासाऐवजी इंग्लिश हेरिटेजचे वर्षाचे सदस्यत्व घेण्याचा विचार करावा. एका मोठ्या सदस्याबरोबर सहा मुलांपर्यंत मोफत प्रवेश असतो, आणि पहिल्या वर्षी वेल्स-स्कॉटलंडच्या सरकारी स्थळांवर निम्म्या दरात. रेल्वेसाठी कुटुंबाचे फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड आहे: मोठ्यांना एक तृतीयांश, मुलांना ६० टक्के सवलत, पण बरोबर किमान एक मूल असले पाहिजे.

आता मठांकडे. आपल्याकडचे पर्यटक इथे सर्वांत लवकर कंटाळतात, कारण छप्पर नाही, मूर्ती नाहीत, नुसत्या उभ्या भिंती. आराखडा एकदा लक्षात आला की तीच जागा बोलू लागते. चर्च पूर्व-पश्चिम, त्याच्या दक्षिणेला बहुधा चौरस अंगण आणि चारी बाजूंनी ओवऱ्या. पूर्वेच्या ओळीत सभागृह, त्याच्या माथ्यावर भिक्षूंची शयनशाळा आणि तिथून थेट चर्चमध्ये उतरणारा रात्रीचा जिना, कारण पहिली प्रार्थना मध्यरात्रीनंतरची. दक्षिणेला भोजनशाळा, तिच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला शेकोटीची खोली. ही खोली, स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची खोली वगळली तर बाकी मठात विस्तव नसे. पश्चिमेच्या ओळीत शेती-मेंढ्या सांभाळणाऱ्या श्रमकरी बंधूंची राहण्याची जागा आणि कोठार. सिस्टर्शियन या ख्रिस्ती भिक्षूंच्या पंथाचा कोणताही मठ या हिशेबाने वाचता येतो.

रिपनजवळचा फाउंटन्स हा त्यातला सर्वांत भरघोस. यॉर्कच्या मठातून बाहेर पडलेल्या तेरा भिक्षूंनी ११३२ मध्ये तो सुरू केला. पश्चिमेच्या ओळीतले कोठार पाहून थक्क व्हायला होते: सुमारे नव्वद मीटर लांब, मधोमध खांबांची एकच रांग आणि तिच्यातून दोन्हीकडे झेपावणाऱ्या कमानी. स्केल नदी इमारतींच्या खालून वळवली आहे, शौचालये तिच्यावर. रिपनला रेल्वे नाही. हॅरोगेटहून बस आहे, पण तिथून मठापर्यंतच्या फेऱ्या मोजक्याच, तेव्हा टॅक्सी धरावी. त्याच साली सुरू झालेला रीवो दरीत इतका अडकून बसला आहे की त्याचे चर्च पूर्व-पश्चिम बसेना, ते जवळजवळ उत्तर-दक्षिण घालावे लागले. बाराव्या शतकात एलरेड महंत असताना तिथे १४० भिक्षू आणि ५०० श्रमकरी बंधू राहत, असे त्या काळी लिहिलेले आहे.

छपरे गेली ती काळाच्या ओघात गेली असे नाही. आठव्या हेन्रीच्या माणसांनी सर्वप्रथम छपरांवरचे शिसे उतरवले. छपराचीच लाकडे जाळून ते जागेवर वितळवले, लगडी ओतल्या आणि राजाचा शिक्का मारला. रीवोच्या चर्चमध्ये ढासळलेल्या दगडांखाली अशा शिक्क्याच्या लगडी विसाव्या शतकात सापडल्या, आणि त्यातले शिसे १९२० च्या दशकात यॉर्क मिन्स्टरच्या (यॉर्कच्या कॅथीड्रलच्या) ‘फाइव्ह सिस्टर्स’ या तेराव्या शतकातल्या खिडकीची काच नव्याने बसवायला वापरले. रीवो पाहिल्यावर यॉर्कला ती खिडकी अवश्य पाहावी.

एक गोष्ट आपल्या गडसंवर्धनाच्या कार्यकर्त्यांसाठी. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यामुळे पुढची चर्चा देखभालीची असणार. ब्रिटनमध्ये अशा पडक्या वास्तूंची पुनर्बांधणी करत नाहीत. जेवढे उभे आहे तेवढे घट्ट करतात. दगडांमधले चुन्याचे जुने सांधे सिमेंटने भरू देत नाहीत, कारण सिमेंट पाणी आत कोंडते आणि शेजारचा मऊ दगड फुटतो. काही मठांच्या भिंतींच्या माथ्यावर गवत वाढलेले दिसेल. ते दुर्लक्ष नव्हे. मातीचा पातळ थर घालून मुद्दाम लावलेले आहे. त्याने पाऊस आणि हिमाचा मारा दगडापर्यंत कमी पोहोचतो. झुडपांची मुळे मात्र उपटलीच जातात, ती सांधे उघडतात. हा फरक तिथे प्रत्यक्ष बघून यावा.

डरहॅमचे कॅथीड्रल हे माझ्या मते ब्रिटनमधले पहिल्या क्रमांकाचे मध्ययुगीन बांधकाम. १०९३ ते ११३३ या चाळीस वर्षांत उभे राहिले. दगडी बरगड्यांवर तोललेले इतके मोठे छत त्याआधी युरोपात कोणी घातले नव्हते. सभामंडपातले गोल खांब जवळून पाहावेत: उंची सुमारे ६.६ मीटर आणि घेरही तेवढाच. त्यावर नागमोडी, शंकरपाळ्यासारखी अशी खोल नक्षी आहे. खांब उभा करून मग ती कोरलेली नाही. सारख्या मापाचे दगड आधी कोरून घेतले आणि रचताना नक्षी जुळवली. सांध्यापाशी डोळा नेला की कोरीव रेघ एका दगडातून दुसऱ्यात कशी उतरते ते दिसते. पश्चिम टोकाकडे जमिनीत काळ्या संगमरवराची पट्टी आहे, तिच्यापुढे एके काळी स्त्रियांना येऊ देत नसत. पूर्वेला संत कथबर्टची समाधी, पश्चिमेला बीड या जुन्या इतिहासकार भिक्षूची. प्रवेशाला सक्तीचे तिकीट नाही, देणगीची विनंती असते. पण विद्यापीठाचे पदवीदान समारंभ कॅथीड्रलमध्येच होतात, त्या दिवशी ते पर्यटकांना बंद असते. शेजारच्या किल्ल्यात विद्यार्थी राहतात, म्हणून तो मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतो. दोन्ही वेळापत्रके निघण्याआधी पाहावीत.

यॉर्क ते डरहॅम आगगाडीने पाऊण-एक तास, म्हणून मुक्काम यॉर्कला ठेवला तरी चालतो. मिन्स्टरला जाताना दुर्बीण न्यावी. पूर्वेची मोठी खिडकी जॉन थॉर्नटन या काचकाराने १४०५ ते १४०८ मध्ये ५६ पौंडांच्या करारावर केली. तिच्यात तीनशेहून अधिक चित्रे आहेत आणि खालून साध्या डोळ्यांनी वरची निम्मी दिसतच नाहीत. खिडकी पाहायची ती सकाळी, ऊन पूर्वेला असताना. यॉर्कच्या जुन्या किल्ल्याच्या क्लिफर्ड्स टॉवर या मनोऱ्यावर गावाचा देखावा पाहायला सगळे चढतात. त्याच उंचवट्यावरच्या लाकडी मनोऱ्यात मार्च ११९० मध्ये यॉर्कचे सुमारे १५० यहुदी जमावाच्या वेढ्यात मेले. पायथ्याशी त्याची शिळा आहे, ती आधी वाचावी.

कोणत्याही कॅथीड्रलमध्ये संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास गायनासह सायंप्रार्थना असते. तिला तिकीट नसते, धर्माची अट नसते. शांत बसून ऐकावे, फोटो काढू नयेत. शाळांच्या सुट्टीत मुलांचे गायनवृंद बंद असतात. रविवारी सकाळी पर्यटकांना बहुधा प्रवेश नसतो.

लिंडिस्फार्न बेटाविषयी थोडे, कारण इथे चूक जिवावर बेतू शकते. ६३५ मध्ये संत एडनने स्थापलेला आणि ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लुटलेला हा मठ. बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो. सुरक्षित वेळांचे तक्ते नॉर्थम्बरलँड परगण्याची कौन्सिल प्रसिद्ध करते. तेच पाहावेत, हॉटेलातल्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. पाणी रस्त्याच्या बाजूने हळूच चढते, चालकाला वाटते थोडेच आहे, आणि गाडी मध्येच बंद पडते. दरवर्षी असे लोक अडकतात. बेटावर जाण्याची वेळ तेवढी न बघता परत निघण्याची शेवटची वेळही आधी लिहून ठेवावी.

स्कॉटलंडमध्ये जाण्याआधी एक तपासणी आवश्यक. उंचावरचे दगड निखळण्याच्या भीतीने गेल्या काही वर्षांत तिथल्या बऱ्याच पडक्या वास्तूंभोवती कुंपण घातले गेले आणि तपासणी होईल तसतशी ती उघडत आहेत. मेलरोजसारख्या मठाचा कोणता भाग खुला आहे हे संस्थेच्या संकेतस्थळावर त्या आठवड्यात पाहूनच तिकीट काढावे.

ज्यांच्या हातात लंडनमधला एकच मोकळा दिवस आहे त्यांनी विंडसरऐवजी रॉचेस्टर निवडावे. सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत. ११२७ नंतर बांधलेला मुख्य मनोरा सुमारे ३४ मीटर उंच. त्याचे तीन कोपरे चौकोनी आहेत आणि आग्नेयेचा एक गोल. १२१५ मध्ये बंडखोरांच्या ताब्यातला हा किल्ला घेण्यासाठी जॉन राजाने त्या कोपऱ्याखाली सुरुंग खणला, लाकडी टेकू लावले आणि ते जाळण्यासाठी चाळीस लठ्ठ डुकरे मागवल्याचा हुकूम नोंदला गेला आहे. चरबीने आग भडकली, टेकू जळाले, कोपरा बसला. पुन्हा बांधताना तो गोल केला. मनोऱ्याला आतून मजले उरलेले नाहीत, त्यामुळे भिंतीच्या पोटातले जिने, बोळ आणि मधली विहीर सगळे एकदम उघडे दिसते. समोरच कॅथीड्रल आहे. दोन्ही मिळून अर्धा दिवस.

मोसमाचे म्हणाल तर मेची अखेर ते सप्टेंबर. जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो, पण स्थळे पाच-सहालाच बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याआधी अर्धा ते एक तास. उजेडावर जाऊन फसू नये. नोव्हेंबर ते मार्च बरीच स्थळे फक्त शनिवार-रविवारी उघडतात. सप्टेंबरमध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड तिन्हीकडे मोफत प्रवेशाचे दिवस असतात, आणि एरवी कुलूपबंद असलेल्या वास्तूही तेव्हा बघता येतात. खेड्यातली लहान चर्चे मात्र वर्षभर दिवसा उघडी सापडतात. दार बंद असले तर किल्ली कोणाकडे ते बहुधा दारावरच लिहिलेले असते. आत भिंतीवरची जुनी चित्रे, लाकडी बाकांखालचे कोरीवकाम पाहावे आणि पेटीत दोन पौंड टाकावेत. छपराचा खर्च त्यातूनच निघतो. बहुतेक किल्ल्यांच्या हिरवळीवर डबा खायला हरकत नसते, फक्त कचरा बरोबर आणावा.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. सहलींवरच्या पुरवण्यांत ब्रिटनचा मजकूर छापताना प्रत्येक स्थळापुढे तीन गोष्टी द्याव्यात: आत प्रवेश आहे की बाहेरून दर्शन, तिथे किती वेळ मिळणार, आणि त्या महिन्यात ते स्थळ आठवड्याच्या कोणत्या दिवशी बंद असते. वाचकांनीही आगाऊ रक्कम भरण्याआधी सहल नेणाऱ्यांकडून याच तीन गोष्टींची उत्तरे लेखी घ्यावीत.

आपला,
एक दुर्गप्रेमी वाचक, पुणे